आधी कीज बघ, मग हॅश लिही

अगं, नव्या नोकरीत तुझ्याकडे सभासदांच्या नोंदी साठवण्याचं आणि शोधण्याचं काम आलंय असं ताईकडून कळलं. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं, आधी टेपवर, मग डिस्कवर, शेवटी सर्व्हरवर. हॅशिंगचा धडा तू कॉलेजात वाचला असशील, सूत्रंही पाठ असतील. त्या सूत्रांनी खऱ्या डेटावर नीट काम करावं म्हणून जे सांभाळावं लागतं, ते तुझ्या कानावर घालते.

हॅशिंगचा वायदा मोठा आहे. एक लाख नोंदी ओळीने तपासत गेलीस तर हवी ती सापडायला सरासरी पन्नास हजार तुलना लागतात. नोंदी क्रमाने लावून दर वेळी मधोमध तोडत गेलीस तर जास्तीत जास्त सतरा. हॅशिंग म्हणतं, शोधूच नको. कीवर, म्हणजे नोंद ओळखायच्या क्रमांकावर किंवा नावावर, गणित कर, खणाचा क्रमांक काढ आणि थेट तिथे हात घाल. एक-दोन तुलनांत काम झालं. पण हा वायदा सरासरीचा आहे. तुझ्या कीज सगळ्या खणांत सारख्या विखुरल्या तरच तो पदरात पडतो. सगळ्या एकाच खणात जाऊन बसल्या तर तू पुन्हा ओळीनेच तपासत बसणार, वर गणिताचा वेळ फुकट.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, फंक्शन लिहायला घेण्याआधी कीज बघ. टेस्टिंगसाठी बनवलेल्या नव्हे, चालू डेटातल्या खऱ्या. काही हजार काढ, स्क्रीनवर सरकव आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच. कुठला आकडा बदलतो, कुठला जागचा हलत नाही, हे दहा मिनिटांत दिसतं आणि पुढचे कित्येक महिने वाचतात.

पिन कोडच घे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि तिचा हेतूच मुळी शेजारशेजारच्या ठिकाणची पत्रं एका गठ्ठ्यात यावीत हा आहे. महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, पुण्याचे ४११ ने. टपालाला जे हवं तेच हॅशिंगला नको असतं. आपल्याला शेजारी एकमेकांपासून लांब टाकायचे असतात. पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून खण ठरवलास तर पुण्यातल्या संस्थेचे जवळजवळ सगळे सभासद एकाच खणात कोंबले जातील. पॅनचंही तसंच. दहा अक्षरं बघून वाटतं किती विविधता असेल, पण व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी ‘पी’च असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. मोबाईल नंबर दहा आकडी खरा, पण पहिला आकडा सहा ते नऊ यांतलाच. कीच्या लांबीला भुलू नकोस, तिच्यातला किती भाग खरोखर बदलतो ते बघ.

आता भागाकार. कीला खणांच्या संख्येने भागायचं आणि बाकी उरेल तो खण, ही सगळ्यात जुनी आणि अजूनही चांगली रीत. १९५६ मध्ये आर्नल्ड ड्यूमी यांनी हॅशिंगवर पहिला जाहीर लेख लिहिला, त्यातच मूळ संख्येने भागून बाकी घेण्याची कल्पना आहे. मूळ संख्याच का, हे एकदा हाताने करून बघ म्हणजे कायमचं डोक्यात बसेल. समज, खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे खात्याचा प्रकार सांगतात आणि सगळी बचत खाती ०१ ने संपतात. तू गोल आकडा म्हणून हजार खण घेतलेस. बाकी फक्त ००१, १०१, २०१ अशी ९०१ पर्यंत येईल. हजारातले दहा खण भरतील, नऊशे नव्वद रिकामे राहतील. खण ९९७ कर, बाकी काही बदलू नकोस. ९९७ ला शंभराशी काहीच घेणंदेणं नाही, म्हणून तेच क्रमांक सगळ्या खणांत पसरतील. गोल आकडा माणसाच्या सोयीचा असतो आणि कीज माणसांनीच बनवलेल्या असतात, म्हणून दोघांची खोड एकच निघते. मूळ संख्येने ती मोडते.

जावाचा हॅशमॅप मात्र खणांची संख्या दोनाच्या घातात ठेवतो, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी. तिथे खण ठरवायला हॅशचे फक्त शेवटचे बिट्स वापरले जातात. म्हणून तो आधी वरचे सोळा बिट्स खालच्या सोळांत मिसळून घेतो. ज्या भाषेत काम करशील तिचं हे आतलं वागणं एकदा वाचून काढ. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मी प्रत्येक वेळी वाचत आले.

नावांवर हॅश करायची वेळ येईल तेव्हा अक्षरांच्या क्रमांकांची नुसती बेरीज कधी करू नकोस. ‘रस’ आणि ‘सर’, ‘नव’ आणि ‘वन’, ‘दम’ आणि ‘मद’ यांची बेरीज एकच येते. अक्षराच्या जागेलाही किंमत मिळायला हवी. जावा आतापर्यंतच्या हॅशला ३१ ने गुणून पुढचं अक्षर मिळवत जातो, त्यामुळे ‘रस’ आणि ‘सर’ वेगळे होतात. पण ३१ म्हणजे जादू नव्हे. युनिकोडमध्ये ‘ज’चा क्रमांक २३३२ आणि काना २३६६. २३३२ गुणिले ३१ अधिक २३६६ म्हणजे ७४६५८. आता ‘झट’ घे. ‘झ’ २३३३, ‘ट’ २३३५. गुणून मिळव, पुन्हा ७४६५८. ‘जा’ आणि ‘झट’ यांचा जावातला हॅश एकच. ‘का’ आणि ‘खट’ यांचा एक, ‘बा’ आणि ‘भट’ यांचा एक. पुढचं त्याहून महत्त्वाचं आहे. ‘जाजा’, ‘जाझट’, ‘झटजा’, ‘झटझट’ या चौघांचाही हॅश एकच येतो. असे दहा तुकडे जोडले तर १०२४ वेगवेगळे शब्द एकाच हॅशचे तयार होतात, तेही कागद-पेन्सिलीने.

कुणी मुद्दाम असं केलं तर काय होतं, ते डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवलं. एकाच हॅशची हजारो नावं भरलेला फॉर्म पाठवायचा. सर्व्हर एकाच खणात साठलेल्या नोंदींच्या साखळीत अडकून गुदमरतो. पीएचपी, जावा, पायथन, रुबी, बहुतेक सगळ्यांना तेव्हा धावाधाव करावी लागली. पायथनने पुढे सिपहॅश घेतलं, त्यात एक गुप्त संख्या मिसळलेली असते, म्हणून बाहेरच्याला टक्कर, म्हणजे दोन कीजना एकच खण, आधी जुळवून ठेवता येत नाही. जावाने आठव्या आवृत्तीत वेगळा उपाय केला, एका खणात आठापेक्षा जास्त नोंदी साठल्या आणि टेबल, म्हणजे सगळ्या खणांचा संच, पुरेसं मोठं असलं की साखळीचं झाड होतं. तुझ्यासाठी यातला धडा साधा आहे. बाहेरून येणाऱ्या मजकुरावर घरी लिहिलेलं हॅश फंक्शन लावू नकोस, भाषेने दिलेलं वापर. आणि पायथनमध्ये मजकुराचा हॅश दर वेळी प्रोग्राम सुरू झाला की बदलतो, तेव्हा तो फाईलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवायचा नाही.

टक्कर मुद्दाम कुणी घडवली नाही तरी होणारच. तीनशे पासष्ट खणांत तेवीस नोंदी टाकल्या की दोघींचा खण एक निघण्याची शक्यता निम्म्याहून वर जाते, हे वाढदिवसाचं गणित तुला ठाऊक आहे. तेच दहा लाख खणांवर लाव. सुमारे बाराशे नोंदी झाल्या की तीच परिस्थिती. दहा लाख खण, बाराशे नोंदी! बत्तीस बिटांच्या हॅशला ही वेळ सुमारे ७७ हजार नोंदींना येते. म्हणून दोन हॅश जुळले म्हणजे सभासद तोच, असं कधीही धरू नकोस. खणात पोचल्यावर पूर्ण की ताडून बघायचीच. हॅश खणापर्यंत नेतो, ओळख पटवणं कीचं काम.

टक्कर झाल्यावर काय करायचं याची दोन घराणी आहेत, आणि दोन्ही हॅशिंगइतकीच जुनी. जानेवारी १९५३ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी कंपनीत एक टिपण फिरवलं, त्यात खणातल्या नोंदींची साखळी करण्याची कल्पना आहे. डेबिट कार्डाचा शेवटचा आकडा ज्या पद्धतीने तपासतात ती लून यांचीच. त्याच सुमाराला आयबीएममध्येच जीन ॲमडाल, एलेन मॅकग्रॉ आणि आर्थर सॅम्युएल यांनी दुसरी वाट काढली. साखळी नको, आपला खण भरलेला असेल तर पुढचा बघायचा, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. लिनियर प्रोबिंग म्हणतात ते हेच.

दुसरी वाट दिसायला सोपी, पण तिच्यातला एक खड्डा तुला नीट दाखवते, कारण परीक्षेत तो एका ओळीत उरकतात. अकरा खण घे, शून्य ते दहा. सभासद २४७ आला, अकराने भागून बाकी पाच. पाचव्या खणात बसला. मग ३१३ आला, बाकी पुन्हा पाच. खण भरलेला, म्हणून सहाव्यात बसला. आता ४४६ आला. त्याची बाकी सहा, म्हणजे सहावा खण त्याचा हक्काचा, पण तिथे ३१३ बसलाय. म्हणून तो सातव्यात गेला. आरक्षण असलेल्या सीटवर दुसराच बसला की एसटीत पुढच्या सगळ्यांची सरकासरक होते ना, तसंच. इथवर ठीक.

आता ३१३ ने सभासदत्व सोडलं. तू सहावा खण रिकामा केलास. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्याने ४४६ शोधला. बाकी सहा, सहावा खण रिकामा, शोध तिथेच थांबला, उत्तर ‘असा सभासद नाही’. तो माणूस समोर उभा आहे, त्याची नोंद शेजारच्या सातव्या खणात सुखरूप आहे, आणि मशीन त्याला नाही म्हणतंय. अशी चूक टेस्टिंगमध्ये सापडत नाही, कारण टेस्ट करणारा नोंदी घालतो आणि शोधतो, मधली एखादी काढून मग शोधत नाही. तू मात्र तेच कर. घाल, काढ, शोध, या क्रमाने.

उपाय दोन. एक, काढलेल्या खणात ‘इथे होता, गेला’ अशी खूण ठेवायची. शोधणारा ती ओलांडून पुढे जातो, नवी नोंद घालणारा तिथे बसतो. पण खुणा साठत गेल्या तर टेबल रिकामं असूनही शोध लांबतो, म्हणून अधूनमधून सगळं नव्याने मांडावं लागतं. दोन, खण रिकामा करतानाच पुढच्या नोंदी तपासून ज्यांना मागे सरकता येईल त्यांना मागे घ्यायचं. हा दुसरा उपाय डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या ग्रंथाच्या १९७३ मधल्या तिसऱ्या खंडात नीट मांडलाय. तो खंड तुझ्या ऑफिसात कुठे दिसला तर हॅशिंगचं प्रकरण तेवढं वाच, घाईने वाचू नकोस. माझं स्वतःचं मत विचारशील तर नोंदी सतत येत-जात असतील तिथे साखळी घे. नोंदी एकदा भरल्या की फक्त वाचायच्या असतील तर प्रोबिंग. शेजारचे खण मेमरीतही शेजारी असल्याने ते फार वेगाने वाचलं जातं.

प्रोबिंग घेतलंस तर टेबल किती भरू द्यायचं, यावर अंदाजाने बोलू नकोस. कनुथ यांनी याचं गणित १९६३ मध्येच करून ठेवलंय. टेबल निम्मं भरलेलं असताना, नसलेली नोंद ‘नाही’ हे कळायला सरासरी अडीच खण बघावे लागतात. पाऊण भरलं की साडेआठ. नव्वद टक्के भरलं की पन्नासावर. निम्म्यापासून पाऊणपर्यंत काही फारसं जाणवत नाही, तिथून नव्वदपर्यंत सगळं ढासळतं. म्हणूनच पायथन दोन तृतीयांशाच्या आसपास टेबल वाढवतं. जावात साखळ्या असल्या तरी पाऊण भरल्यावर खण दुप्पट होतात. आणि ‘आहे’ ते शोधण्यापेक्षा ‘नाही’ ते सिद्ध करायला जास्त वेळ लागतो, हे लक्षात ठेव. नवीन सभासद नोंदवताना तो आधीच आहे का, हेच तर आधी बघतात.

टेबल वाढवणं फुकट नसतं. सगळ्या नोंदी उचलून नव्या खणांत मांडाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी आलेला ग्राहक ताटकळतो. किती नोंदी येणार ते ठाऊक असेल तर आधीच जागा माग. ऐंशी हजार सभासद असतील आणि जावा वापरत असशील तर ऐंशी हजार भागिले पाऊण म्हणजे एक लाख सहा हजारांवर, त्याच्या वरचा दोनाचा घात १,३१,०७२. सुरुवातीलाच तेवढे खण घेतलेस की मध्ये एकदाही हलवाहलव नाही. रेडिस दुसरी युक्ती करतं. जुनं आणि नवं अशी दोन टेबलं काही काळ शेजारी ठेवून थोड्या थोड्या नोंदी पलीकडे नेत राहतं.

डिस्कवर हिशोब बदलतो. तिथे खर्च तुलनेचा नाही, पान वाचण्याचा असतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, तेवढ्यात प्रोसेसर लाखो कामं उरकतो. म्हणून डिस्कवरचा एक खण म्हणजे एक पूर्ण पान, त्यात कितीतरी नोंदी. वाढवण्यासाठी १९७९ मध्ये फेगिन, नीव्हरगेल्ट, पिपेंजर आणि स्ट्राँग यांनी एक्स्टेंडिबल हॅशिंग दिलं. त्यात फक्त भरलेलं पान दुभंगतं आणि पानांचे पत्ते सांगणारी वरची यादी गरज पडली तर दुप्पट होते. १९८० मध्ये विटोल्ड लिट्विन यांचं लिनियर हॅशिंग आलं, त्यात यादीही नाही, पानं ठरलेल्या क्रमाने एकेक करून दुभंगतात. तुला ही दोन्ही स्वतः लिहावी लागणार नाहीत, पण डेटाबेस आत काय करतोय हे कळायला ती ठाऊक हवीत.

आणि प्रत्येक ठिकाणी हॅश घालायचा हट्टही नको. हॅश फक्त ‘हाच का’ या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘एक एप्रिल ते तीस जून या काळातले व्यवहार’, ‘कुंभार ते कुलकर्णी आडनावांची यादी’, ‘सर्वांत मोठी दहा कर्जं’ यातल्या कशालाही त्याचा उपयोग नाही, कारण क्रम आपणच विस्कटलेला असतो. तिथे नोंदी क्रमाने ठेवणारा बी-ट्री. पोस्टग्रेसमध्ये हॅश इंडेक्स आहे, पण दहाव्या आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०१७ पर्यंत, सर्व्हर कोसळला तर तो पुन्हा बांधावा लागे. एखादं जुनं सर्व्हर हाती आलं तर आवृत्ती आधी बघ. शंका असेल तिथे बी-ट्री घाल आणि पुढे जा.

नोंदी अनेक सर्व्हरवर वाटायची पाळी आली तर सर्व्हरच्या संख्येने भागून बाकी घेण्याचा मोह आवर. चाराचे पाच सर्व्हर केलेस की ऐंशी टक्के नोंदींचा पत्ता बदलतो. कन्सिस्टंट हॅशिंग, १९९७ मध्ये एमआयटीत डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं, त्यात साधारण पाचवा हिस्साच हलतो. पासवर्डचं हॅशिंग हे नाव सारखं असलेलं वेगळंच काम आहे. टेबलाचा हॅश वेगवान हवा, पासवर्डचा मुद्दाम संथ. एकाचं फंक्शन दुसऱ्याला लावायचं नाही.

की म्हणून जे फील्ड निवडशील ते बदलणारं नको. मोबाईल नंबर लोक बदलतात, पत्ता बदलतात, लग्नानंतर आडनाव बदलतात. टेबलात नोंद ठेवल्यावर तिची की जागच्या जागी बदललीस तर नोंद जुन्या खणात राहते आणि शोध नव्या खणात जातो. बदलायचंच असेल तर नोंद काढ आणि नव्याने घाल.

मराठी नावांवर काम करणाऱ्या तुझ्यासारखीला एक गोष्ट परदेशी पुस्तक सांगणार नाही. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाईप होतो. कुणी ‘ऱ’चं एकच अक्षर वापरतं, कुणी साधा ‘र’ आणि खाली नुक्ता, कुणी ‘र’ला हलन्त देऊन मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट्स वेगळे, म्हणून हॅश वेगळे. कऱ्हाडचा सभासद एका शाखेत सापडतो, दुसऱ्या शाखेत नाही. ‘ॲड.’मधला ‘ॲ’सुद्धा तसाच, एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन पहिल्या दोन ‘ऱ’ना एक करतं, पण जोडचिन्हाला आणि ‘ॲ’ला हात लावत नाही. ते दोन नियम तुला स्वतः लिहावे लागतील. मागेपुढे राहिलेल्या स्पेस, मराठी-इंग्रजी आकडे, हेही हॅश करण्याआधी एकसारखे कर, आणि ही साफसफाई एकाच फंक्शनमध्ये ठेव. घालतानाही तेच, शोधतानाही तेच.

सगळं जमलं की एक चाचणी घे. हजार खण घे आणि खऱ्या डेटातल्या हजार कीज त्यात टाक. हॅश चांगला असेल तर सुमारे ३६८ खण रिकामे राहतील, तितक्याच खणांत एकेक नोंद असेल, दोन-दोन असलेले साधारण १८४, तीन-तीनचे ६१, चारचे पंधराएक, पाच किंवा जास्तीचे तीन-चार. रिकामे खण इतके बघून घाबरू नकोस, ते तसेच असायला हवेत. रिकामे पाचशेवर गेले किंवा एखाद्या खणात वीस नोंदी दिसल्या तर त्या वीस कीज एकाखाली एक छापून घे, त्यांच्यात काय सारखं आहे ते लगेच दिसेल. तुझे आकडे या आठवड्यात काढ आणि मला पाठव, रविवारी फोनवर दोघी मिळून बघू.